वऱ्हाडापासून मुंबई किती लांब?

नकाशावर अमरावतीहून मिर्झापूरपेक्षा मुंबई जवळ आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला जात असे आणि पुढे गंगेतून नावेने बंगालकडे. तिकडे माल नेणारे तांडे होते, पुढे जलमार्ग होता आणि गिऱ्हाईकही होते. मुंबईच्या वाटेवर सह्याद्रीचे घाट आडवे होते. १८२५-२६च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने मुंबईकडे मोठ्या प्रमाणावर कापूस धाडायला सुरुवात केली, तेव्हा हा ओघ फिरू लागला. मैल तेवढेच राहिले, बदलली ती सोय. वऱ्हाडाच्या दळणवळणाचा पुढचा इतिहासही हेच सांगतो की, कोणते गाव जवळ आणि कोणते लांब हे वाहतूक कोणासाठी मांडली आहे त्यावर ठरते.

रेल्वेने हा हिशेब मोडीत काढला, असे कोणी म्हणेल. १८६७मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळहून अकोल्यावरून नागपूरला पोचली आणि आठवड्यांची वाट तासांवर आली, हे खरेच. पण हा लाभ सगळ्यांना सारखा मिळाला नाही. मुख्य मार्ग अमरावतीला बाजूला ठेवून बडनेऱ्याहून गेला. अमरावती आणि खामगाव या कापसाच्या मोठ्या पेठा असल्याने त्यांना चारेक वर्षांतच फाटे मिळाले: जलंबहून खामगावला १८७०मध्ये, बडनेऱ्याहून अमरावतीला १८७१मध्ये. वऱ्हाडची जुनी राजधानी अचलपूर मात्र मूर्तिजापूरहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीसाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत थांबली. मधल्या काळात, १८६९मध्ये, सुएझ कालवा खुला झाल्याने अकोल्याच्या गाठींचा लिव्हरपूलचा रस्ताही आखूड झाला होता. वेग आला तो आधी कापसाला.

विमानाचे तरी वेगळे आहे का? १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. रेल्वेने ज्याला अख्खी रात्र लागते तो प्रवास पावणेदोन तासांत होतो, हा आक्षेप वजनदार आहे. आजारी माणसाला किंवा तातडीच्या कामाला त्या तासांचे मोल मोठे असते. पण सेवा आठवड्यातून तीनच दिवसांची म्हणून सुरू झाली, आणि अकोलेकराला बेलोऱ्याला जायलाच शंभरेक किलोमीटर रस्ता कापावा लागतो. शिवाय विमानतळावर वेळेआधी हजर राहायचे. रोज रात्री बसवून सकाळी मुंबईत उतरवणारी रेल्वेगाडी त्याला अनेकदा जवळची वाटते, ती यामुळे. अकोल्याच्या शिवणीला १९४३पासून धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. म्हणून धावपट्टीची लांबी वाढवण्याची मागणी रास्तच आहे. मात्र तिच्याबरोबर रोजच्या फेऱ्या, सोयीची वेळ आणि परवडणारे भाडेही मागितले पाहिजे. नुसती धावपट्टी लांबवून मुंबई जवळ येत नाही.