धर्मादा : व्यापाऱ्याच्या वहीतील समाजाचे खाते

व्यापार आणि समाजसेवा या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही. अडतीच्या पेढीवर कीर्द-खतावणीत देणेकरी-घेणेकऱ्यांच्या खात्यांबरोबर ‘धर्मादा’ हे खातेही असे. पोत्यामागे किंवा शेकड्यामागे ठरलेली अल्पशी रक्कम बिलात वेगळी दाखवून या खात्यात जमा केली जाई. एका दुकानाचा धर्मादा तो केवढा? परंतु साऱ्या पेठेचा एकत्र आला की त्यातून पाणपोई, धर्मशाळा, पाठशाळा आणि पांजरपोळ उभी राहत असे.

मुंबईची पांजरपोळ हे याचे ठळक उदाहरण होय. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे १८३२ मध्ये शहरात दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जैन श्रेष्ठी मोतीचंद अमीचंद आणि पारशी दानशूर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने ही संस्था स्थापन झाली. धनिकांच्या देणग्यांइतकाच तिला आधार लाभला तो व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर स्वखुशीने बसवून घेतलेल्या लाग्याचा. जीवदयेच्या या कार्यात धर्मभेद आड आला नाही.

तथापि केवळ दान म्हणजे सामाजिक जबाबदारी नव्हे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अणुव्रतांचे जे अतिचार सांगितले आहेत, ते जणू दुकानदारासाठीच सांगितले आहेत. खोटी मापे वापरणे आणि भेसळ करणे हे अचौर्यव्रताचे अतिचार. खोटे लेख करणे व दुसऱ्याची ठेव बुडविणे हे सत्यव्रताचे. आणि अतिभार लादणे व अन्नपाणी रोखणे हे अहिंसाव्रताचे. मापात मारून धर्मादा वाढविणारा किंवा हमालाच्या पाठीवर अधिक ओझे देऊन पांजरपोळीस देणगी देणारा व्यापारी या कसोटीस उतरत नाही.

धर्मादा ही देखील एक ठेवच आहे. ती ग्राहकाने दिलेली असते. व्यापारी केवळ तिचा राखणदार. हेच तत्त्व पुढे कायद्याने स्वीकारले. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आजचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) याच्या कलम ५४ नुसार धर्मादा गोळा करणारा त्या रकमेचा विश्वस्त ठरतो व त्याला तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करावा लागतो. बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्णय दिला. जे आपले उत्पन्न नाही, ते आपले दान तरी कसे म्हणावे? ग्राहकांच्या पैशातून दिलेल्या देणगीवर स्वतःचे नाव कोरताना हा प्रश्न मनात यावयास हवा.

कंपनी कायदा, २०१३ ने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. किराणा, कापड वा भांड्यांचे छोटे दुकान या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्यावर बंधन आहे ते व्रताचे. पुरे माप, शुद्ध माल, नोकराला वेळेवर पगार आणि धर्माद्याचा चोख हिशेब, एवढे ज्या पेढीवर पाळले जाते, तेथे समाजसेवेचा फलक लावण्याची आवश्यकता उरत नाही. नव्या पिढीच्या हाती वहीऐवजी संगणक आला आहे; त्यातही समाजाचे ते एक खाते जपले जावो, हीच सदिच्छा.