रक्ताचा आजार आणि बालमन

कल्याण कॅम्पाचा इतिहास सांगताना आपण बराकी, निर्वासित आणि त्यांनी शून्यातून उभारलेला व्यापार यांपाशीच थांबतो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना येथील महायुद्धकालीन लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. घरदार मागे राहिले. पण काही कुटुंबांच्या रक्तातून थॅलॅसिमियाचा वारसा नकळत बरोबर आला. (हा रोग एका जातीचा मात्र नव्हे, पंजाबी, लोहाणा आणि मराठी घरांतही तो आढळतो.) आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक.

१९२५ साली अमेरिकेत डॉ. कूली यांनी या रोगाचे वर्णन केले, तेव्हा अशी मुले बालपणीच दगावत. त्यांच्या मनाचा विचार करण्याइतका अवधीच नसे! पुढे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त देऊन आयुष्य वाढू लागले. परंतु दिलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचते. ते काढण्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून आठ-दहा तास पंप चालवावा लागे, आणि तोही आठवड्यातून पाच-सहा रात्री. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल तो पंप नाकारी. घरचे त्याला हट्ट म्हणत. मला तो आपण चारचौघांसारखे नसल्याचा संताप वाटतो. १९९५ साली भारतात गोळी आली, पुष्कळांच्या रात्री मोकळ्या झाल्या. संताप गोळीने कसा जावा?

बुद्धीचीही अशीच हेळसांड झाली. रक्तकर्करोगाच्या मुलांना १९६० नंतर मेंदूच्या रक्षणासाठी डोक्यावर किरणोपचार देत. मुले वाचली, काही वर्षांनी त्यांपैकी अनेकांची स्मरणशक्ती आणि गणित कच्चे पडल्याचे ध्यानी आले, तेव्हा डॉक्टरांनी बहुतेकांसाठी ते किरण सोडले. थॅलॅसिमियात किरण नाहीत, पण रक्त देण्याची तारीख जवळ आली की हिमोग्लोबिन उतरते, मूल वर्गात पेंगते आणि गुरुजी त्याला मठ्ठ ठरवतात.

२०१६ च्या कायद्याने थॅलॅसिमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांची गणना दिव्यांगत्वात केली. परंतु मोठ्या बहिणीचे लग्न अडेल या भयाने घरचेच शाळेला काही कळू देत नाहीत. दर महिन्याच्या गैरहजेरीला ‘ताप’ हे कारण लिहायला मुलालाच शिकवले जाते.