काकांची अँबॅसिडर आणि घसारा

साताऱ्याला राजधानी असल्याचा अभिमान आहे आणि सांगलीला हळदपेठेचा. त्यामुळे आमच्याकडे इतिहास लिहायचा म्हणजे शाहूमहाराजांपासून, निदान पटवर्धन संस्थानिकांपासून तरी सुरुवात करावी लागते. मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. माझ्याजवळ बखर नाही. आमच्या काकांची लाल कापडी बांधणीची खर्चाची वही आहे. काकांचा साताऱ्यात छोटा छापखाना होता. 1981 साली त्यांनी सांगलीच्या एका अडत्याकडून 1968 सालची अँबॅसिडर घेतली. वहीत वर 'श्री गजानन प्रसन्न', खाली 'गाडी – रु. 21,000' आणि त्याच तारखेला, लगेच खाली, 'बॅटरी'.

तेरा वर्षं वापरलेल्या गाडीला माणूस एवढे पैसे का मोजतो, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. ही गाडी मूळची इंग्लंडची. तिथं तिचं नाव मॉरिस ऑक्सफर्ड. 1957-58च्या सुमारास बंगालातल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सनं तिला अँबॅसिडर केलं. इकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी फियाट काढायची. तिची पुढं पद्मिनी झाली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला वालचंदांचं नाव, त्यामुळे सांगलीकर फियाटला घरचीच मानायचे. तरी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मुलाच्या बारशाला अर्ज केला तर मुंजीपर्यंत गाडी यायची. 1969 साली सरकारनं मोटारींच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा तर ज्याला थांबवत नसे तो जुन्या फियाटला नव्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजायचा. मला कॉलेजात घसारा काढायच्या दोन पद्धती शिकवल्या, सरळ रेषेची आणि घटत्या शिलकेची. दोन्हींत मालमत्तेची किंमत दरवर्षी खालीच जाते. हे पुस्तक लिहिणाऱ्यानं जुनी फियाट विकत घेतलेली नसावी.

घसारा होता तो किमतीत नव्हे, गाडीत होता. वही उघडावी तिथं किंगपिन. नावात राजा, पण ग्रीस वेळेवर मिळालं नाही की राज्य गेलं, आणि गाडी रस्ता सोडून स्वतःच्या मतानं चालायची. गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली. तो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठंतरी अडकला की बॉनेट उघडून जोडपट्ट्या हातानं हलवाव्या लागत. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात रेडिएटर उकळणार, हे इतकं ठरलेलं की काकू घागर भरूनच बसायच्या. ब्रेकचं तेल गळणं, पाटे तुटणं, पायाखालचा पत्रा गंजणं ही तर किरकोळीत. पत्रा गेल्यावर मला मागच्या सीटवरून खालचा रस्ता दिसायचा. भूगोल मी तिथंच शिकलो.

पण एक गोष्ट त्या गाडीला द्यायला हवी. तिच्यात उघडता येणार नाही असं काही नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम, किर्लोस्करवाडीला 1910 पासून कारखाना. या भागात लोखंडाला घाबरणारा माणूस सापडणं कठीण. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना जसा कान देतो, तसा आमचा मिस्त्री टॅपेटला कान लावायचा आणि म्हणायचा, "काका, दोनशेचं काम हाय." ते तीनशेचं निघायचं.

1986 साली इंजिनच उतरलं. खर्चाच्या बाजूला 'बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक – रु. 4,800'. समोर जमेला 'सौ.च्या पाटल्या – रु. 5,000'. बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर सहा वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही. पुढं तीन वर्षं व्याजाच्या नोंदी आहेत. पाटल्या 1989च्या दिवाळीत सुटल्या.

दिल्लीजवळ मारुती 1983च्या डिसेंबरातच निघाली होती. मग जुन्या धुडासाठी हा खटाटोप कशाला? उत्तर वहीतच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एक नोंद येते, 'मिरज – पेट्रोल'. मिरज म्हणजे दवाखाने. अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर आजारी माणूस आडवा झोपू शकायचा, आणि आमच्या आळीत चारचाकी तेवढी एकच. रात्री दोनला कडी वाजली की काका पायजम्यावर शर्ट चढवून निघायचे. नोंदीपुढं कुणाचं नाव नाही. अशा नोंदी मी मोजल्या, एकोणसाठ भरल्या. जमेच्या बाजूला त्यांच्यापोटी एक पैसाही नाही. आमच्या हेडऑफिसनं असली वही साफ नामंजूर केली असती.

1991 नंतर बाजारात गाड्याच गाड्या झाल्या आणि पुस्तकातला घसारा अखेर साताऱ्यात पोचला. 1996 साली गाडी विकली, रु. 13,500. पंधरा वर्षांचा दुरुस्तीखर्च, पेट्रोल सोडून, रु. 38,640. बेरीज मी तीनदा तपासली आहे.

2014च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचं काम थांबलं. 2017 साली नुसतं 'अँबॅसिडर' हे नाव एका फ्रेंच कंपनीनं 80 कोटींना घेतलं. काका तोवर गेले होते. ती बातमी मी काकूंना वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "नुसत्या नावाला एवढे? मग किंगपिनाचं काय ठरलं?"