यंत्रनियंत्रणाची शिडी-भाषा : एक टिपण

कारखान्यातील सर्वसाधारण नियंत्रकास विशिष्ट कामाचे वळण लावणे ही केवळ तंत्रज्ञांची बाब आहे, असे मानले जाते. वस्तुतः तो भाषेच्या इतिहासाचाही विषय होय. मिरज-सांगली परिसरातील साखरधंद्याच्या आधारे हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंची जागा घेईल असा नियंत्रक मागविला. तोवर मोटारीचा नमुना बदलला की रिलेंची सारी तारजोडणी नव्याने करावी लागे. या मागणीतून रिचर्ड मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक पुढे आला. त्याच्या आज्ञांसाठी वायरमनच्या परिचयाची रिले-आकृतींची लिपीच स्वीकारण्यात आली, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. दोन उभ्या रेषा व त्यांमधील आडव्या पायऱ्या, असे या ‘शिडी’चे रूप. पायरीवर डावीकडे अटी, उजवीकडे कार्य. एकापुढे एक मांडलेल्या अटींचा अर्थ ‘आणि’; समांतर मांडलेल्यांचा ‘किंवा’. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातील पाच भाषांत हिलाही स्थान मिळाले.

आता आपल्या परिसराकडे वळू. वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कृष्णाकाठी हा धंदा रुजला. साखर कारखान्यात स्फटिक व मळी यांचे दाट मिश्रण, म्हणजे मॅसेक्विट, जाळीदार टोपलीत घालून वेगाने फिरविले जाते. भरणे, फिरविणे, पाण्याने धुणे, वेग उतरविणे, साखर खरवडून काढणे, असा हा क्रम. टोपलीचा वेग पुरेसा उतरल्याखेरीज खरवडणारे पाते आत शिरता कामा नये. ही अट शिडीच्या एका पायरीवर मावते. धुण्याचा काळ मात्र मॅसेक्विटच्या चिकटपणावर व दाण्यावर ठरतो. पाणी कमी पडले तर साखरेवर मळी राहते; अधिक झाले तर साखरच विरघळून मळीत जाते. हा अंदाज अनुभवी कामगाराच्या नजरेत असतो. तो आकड्यांत उतरविणे, हेच नियंत्रकास वळण लावणे होय.

येथेच खरी अडचण उद्भवते. शिडी व्याकरण जपते. अर्थ जपतेच असे नाही. कोणती पायरी कशासाठी, हे सांगणारे शेरे अनेक जुन्या नियंत्रकांत साठविलेच जात नसत. ते लिहिणाराच्या संगणकात राहत. मूळ प्रत हरवली की नियंत्रकातून केवळ क्रमांक हाती येतात. ऐन गळीत हंगामात असे यंत्र बिघडले, तर दुरुस्ती करणारास वाक्यरचना दिसते, परंतु शब्दांचा अर्थ लागत नाही. धुण्याचा काळ अमुकच का ठेवला, हे सांगणारा कामगार तोवर निवृत्त झालेला असतो.

म्हणून प्रत्येक पायरीचा शेरा कामगारांच्या बोलीत लिहून नियंत्रकाशेजारीच जपून ठेवला पाहिजे. त्यासाठी लागणारा शब्दसंग्रह गोळा करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. आणि जाणती माणसे कामावर आहेत तोवरच ते होऊ शकेल.