अरबी मोजायची कशी?

इथे कुवेतला आमच्या साइटवर एक फोरमन आहे, मूळचा रत्नागिरीचा. ड्रायव्हर, दुकानदार, इन्स्पेक्टर, सगळ्यांशी फाडफाड अरबी बोलतो. पण अरबी पेपरातली एक ओळ वाचता येत नाही. परवा फॉर्मवर 'अरबी किती येते?' असा एकच रकाना आला. आता काय लिहावे त्याने?

हा घोळ जुना आहे. १९५५ साली अमेरिकन परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांची पाहणी केली, तर कामापुरती परभाषा येणारे निम्म्याहूनही कमी निघाले. तेव्हा 'येते' असे स्वतःच लिहून देणे बंद करून समोर बसवून बोलायला लावायचे ठरले. १९५८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कचेरी झाली. पट्टी शून्य ते पाच. शून्य म्हणजे कोरी पाटी, तीन म्हणजे कचेरीचे काम निभावेल आणि पाच म्हणजे सुशिक्षित मातृभाषिकासारखी. (अरबीत तीनपर्यंत पोचायला हे खाते ८८ आठवडे धरते!)

पण अरबीचा सुशिक्षित मातृभाषिक बोलतो कसा? 'काय हवे?' हे पुस्तकी अरबीत, म्हणजे फुसहात, 'माज़ा तुरीद'. कुवेतला 'श तबी', कैरोत 'आयिज़ एह', बेरूतला 'शू बद्दक'. आपल्या वऱ्हाडी आणि पुण्याच्या मराठीत एवढे अंतर नाही.

गंमत म्हणजे याच खात्याच्या बेरूतमधल्या अरबी शाळेत चार्ल्स फर्ग्युसन हे भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनीच १९५९ मध्ये 'डायग्लोसिया'वर गाजलेला निबंध लिहिला: एक भाषा घरची, एक पोथीची आणि पोथीची कुणाचीच मातृभाषा नाही. म्हणजे पट्टीची वरची खूणच हलली की!

पुढे ही पट्टी अमेरिकन कॉलेजांसाठी बदलून घेतली गेली. १९८९ मध्ये अरबीसाठी वेगळे निकष आले. २०१२ च्या आवृत्तीत फुसहा आणि साऱ्या बोली मिळून एकच सलग अरबी मानली आहे. अमेरिकन लष्कराने उलटे केले, इराकी, इजिप्शियन अशा बोलींच्या परीक्षाच वेगळ्या काढल्या. मला यात लष्कराचेच पटते. एकाच गेजने पाण्याचा दाब आणि तापमान कोणी मोजत नाही. युरोपची २००१ ची 'ए१ ते सी२' पट्टीही आता अरबी पुस्तकांवर छापलेली दिसते, पण आत बहुतेक फुसहाच असते.

फोरमनने रकान्यात 'बोलतो' एवढेच लिहिले. शेजारी 'वाचत नाही' लिहायला जागाच नव्हती.