वऱ्हाडातून गेलेले आणि वऱ्हाडात राहिलेले

कराची शहरात 'सी. पी. बरार सोसायटी' नावाची एक वसाहत आहे. धोराजी कॉलनी, बेंगलोर टाऊन अशा मागे सुटलेल्या मुलखांची नावे लावून बसलेल्या वस्त्यांच्या शेजारात ती आहे. सी. पी. म्हणजे मध्यप्रांत आणि बरार म्हणजे आपला वऱ्हाड. हे प्रांताचे नाव आपल्याकडच्या नकाशातून १९५० साली गेले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. अकोल्या-अमरावतीच्या आजच्या शाळकरी पोराला बरार म्हटले तर ते कुठले गाव, असे तो विचारील. कराचीत मात्र ते नाव पत्त्यात लिहिले जाते आणि तिथल्या पोस्टमनला ते पाठ आहे.

आम्ही वऱ्हाडातले मुसलमान या गेलेल्या लोकांविषयी फारसे बोलत नाही. घरोघरी कुणी ना कुणी गेलेला असतो, पण त्याचा विषय निघाला की दार लोटून घेण्याची जुनी सवय आहे. या सवयीला कारणे आहेत. १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने गेलेल्यांची घरे-शेते कस्टोडियनकडे गेली आणि सामाईक वाड्यात राहिलेल्या भावांना आपला हिस्सा आपलाच आहे हे सिद्ध करीत बसावे लागले. १९६५ च्या युद्धानंतर १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आला. मग कराचीहून आलेले साधे ईदचे पत्रदेखील वाचून चुलीत घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

गेले कोण, हेही नीट समजून घेतले पाहिजे. वऱ्हाडात मुसलमानांची वस्ती दहा टक्क्यांहूनही कमी. त्यातले बहुसंख्य शेतमजूर, विणकर, पिंजारी, बागवान, खाटीक, अत्तार. ते कुठे जाणार? गेले ते मुख्यतः शिकलेले, नोकरदार, वकील आणि पुढारी. नागपूरचे नवाब सिद्दीक अली खान लीगच्या नॅशनल गार्डचे सालार होते, ते कराचीला जाऊन लियाकत अलींच्या कचेरीत बसले. ज्यांना त्यांनी झेंड्याखाली उभे केले होते ते बाळापूर-अकोटचे लोक इथेच राहिले, आणि पुढाऱ्यांच्या भाषणांचा हिशेब पुढची पन्नास-साठ वर्षे त्यांच्याकडे मागितला गेला. हा राग आमच्या वडिलधाऱ्यांच्या मनात होता आणि तो अकारण नव्हता. रेल्वेतल्या व इतर सरकारी नोकरांना मात्र १९४७ मध्ये कोणत्या देशाची नोकरी पत्करता, असे कागदावर विचारले गेले. त्यांना विचार करायला वेळ थोडा होता आणि बायकांना तर कुणी विचारलेच नाही.

दुसरी वाट हैदराबादची. ती फार जुनी. १७२४ साली बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला पहिल्या निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि आसफजाही राज्य उभे राहिले ते याच मातीवर. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा झाला, तरी निजामाने नावावरचा हक्क सोडला नाही. १९३६ च्या करारानंतर त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. त्यामुळे अचलपूर-बाळापूरच्या शरीफ घराण्यांत मुलगा शिकला की हैदराबादेत नोकरी, हे ठरलेले. ही माणसे सुट्टीत घरी येत. हैदराबादकरांचे येणे कधी थांबले नाही. अचलपूरला दूल्हा रहमान शाहच्या उरुसाला आजही ते येतात, फातेहा पढतात, आजोबांची गल्ली बघून परत जातात. त्यांना व्हिसा लागत नाही, एवढाच फरक. पण तो लहान फरक नाही.

आमच्या घरातला गेलेला माणूस म्हणजे आमच्या दादांचे थोरले भाऊ. जी. आय. पी. रेल्वेत कारकून. १९४७ च्या अखेरीस मुंबईहून बोटीने गेले. त्यांचा नातू साठ वर्षांनी, २००७ च्या हिवाळ्यात, आमच्या दारात उभा राहिला. फेब्रुवारी २००६ मध्ये खोखरापार-मुनाबावचा रस्ता पुन्हा उघडून कराची-जोधपूर थर एक्स्प्रेस सुरू झाली होती, त्या गाडीने तो आला होता. आल्या दिवशी आधी पोलीस ठाण्यात नोंद, मग जेवण.

व्हिसावर अकोला आणि बाळापूर ही दोन गावे होती. त्याच्या दादीचे माहेर अचलपूर. ते लिहायचे राहून गेले होते. अकोल्यापासून ते फार लांब नाही, पण जिल्हा वेगळा. 'भाईजान, रात्री जाऊन पहाटे परत येऊ,' असे तो एकदाच म्हणाला. आमच्या घरच्या बायांनी त्याला गप्प केले. मग आम्ही दोघे भाऊ अचलपूरला गेलो, इमादशाहीच्या त्या जुन्या राजधानीचा कोट, हौज कटोरा आणि कब्रस्तान यांचे फोटो काढून आणले. तो ते फोटो चटईवर मांडून बराच वेळ बसला. दादीने सांगितलेली गल्ली त्यात कुठली, हे आम्हालाही सांगता आले नाही.

बाळापूर त्याने पोटभर पाहिले. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला, मिर्झा राजा जयसिंगाची छत्री, नक्शबंदी खानकाह. त्याच्या डोक्यात दादांनी सांगितलेला बाजार होता : कागद, पागोटी, सतरंज्या, रुईच्या गाड्या. तो बाजार दादांनीदेखील ऐकलेलाच असणार. १८६० च्या दशकात रेल्वे आली ती बाळापूर टाळून पारसवरून गेली आणि व्यापार अकोल्याला सरकला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली. अमरावतीच्या नावावरून आमचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणून विकला जाई. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजाराची खास रेल्वे उघडायला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. सरकी काढायला जिन आले, गाठी बांधायला प्रेस आले, आणि पिंजाऱ्याची धुनकी गाद्या-रजयांपुरती उरली.

आमच्या या भावाला मराठी येत नव्हते. पण कराचीतली त्याची फुफी बोलता बोलता पऱ्हाटी, धुरा, कुटार असे शब्द टाकते आणि आम्हा पोरांना त्यांचे अर्थ कळत नाहीत, असे तो म्हणाला. आम्ही त्याला शेतावर नेले, पऱ्हाटी दाखवली, धुऱ्यावर बसवले. कुटाराच्या ढिगाजवळ त्याने फुफीसाठी फोटो काढून घेतला.

जाण्याआधी त्याला दादांच्या जन्माची नोंद पाहायची होती. इंग्लंडातल्या एखाद्या बाजाराच्या गावातून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांचे नातू परत येतात, तेव्हा त्यांना चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा, लग्न, दफन असे एका ठिकाणी मिळते. तिथे १५३८ पासून तशी दप्तरे ठेवण्याचा हुकूम आहे. आमच्याकडे काझीच्या वहीत निकाह आहे, कब्रस्तानात तर बहुतेक कबरींवर नावाचा दगडही नाही. आणि जन्म-मृत्यू आहे तो कोतवाल बुकात. गावात मूल जन्मले की माणूस मेला की कोतवालाने सांगायचे, वहीत चढवायचे. बापाचे नाव, जात, तारीख. मुलाचे नाव बहुधा नसतेच. नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी'. जुनी पाने मोडीत. ती वाचायला गावातले एक निवृत्त पटवारी मुद्दाम आमच्याबरोबर तहसिलीत आले.

योगायोग असा की त्याच दिवसांत आम्हीही ते बुक शोधत होतो. आमच्या पुतण्याला इतर मागासवर्गाचे जातप्रमाणपत्र हवे होते. शब्बीर अन्सारींच्या चळवळीमुळे १९९४ नंतर मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्यांना या सवलतीची वाट मोकळी झाली. परंतु १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर सगळीकडे 'मुसलमान' एवढेच. मास्तरांनी विचारले नाही, आमच्या वडिलांनी सांगितले नाही. सांगण्यात कमीपणा वाटत असे.

पटवारी बोट फिरवीत थांबले. १९१९ सालची नोंद. आमच्या पणजोबांचे नाव, कोतवालाला जसे ऐकू आले तसे वाकडेतिकडे. मुलगा. आणि जातीच्या रकान्यात 'पिंजारी'.

पुतण्याने तिथेच शुक्र अदा केला. पाहुणा काही बोलला नाही. रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, 'आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे की आपण शेख. दादांचे वडील रुईचे मोठे ताजिर होते.' आमच्या आईने भाकर वाढता वाढता उत्तर दिले : 'रुईचेच काम होते बेटा. पिंजायचे.' सगळे हसले, तोही हसला, पण नोंदीची झेरॉक्स त्याने नेली नाही. सकाळी ती ताकात तशीच होती. आम्ही त्याला दोष देत नाही. इथे राहून आम्ही तरी काय केले? शेख लावलेच होते. सरकारने पुरावा मागितला नसता तर पिंजारी हा शब्द आमच्याही घरातून पुसला गेला असता.

पुढे पडताळणीसाठी वंशावळ शपथपत्रावर द्यायची वेळ आली. नोंद ज्या मुलाची, तो मुलगाच पाकिस्तानात गेलेला. त्याची शाखा लिहायची की गाळायची? आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी अशा शाखा गाळल्या आहेत. कागदावर ती माणसे जन्मलीच नाहीत. दोन रात्री घरात वाद झाला. शेवटी नाव लिहिले, पुढे 'सन १९४७ मध्ये पाकिस्तानात गेले' असेही लिहिले. कुणी काही विचारले नाही. कागदातल्या नावाला आम्ही साठ वर्षे जितके घाबरलो, तितके घाबरण्याचे कारण होते की नव्हते, ते आजही ठरवता येत नाही.

ते न ठरवता येण्याचे कारण ताजे आहे. जानेवारी २०२५ मध्ये उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, आणि त्या गदारोळात मालेगावबरोबर अकोला व अमरावती जिल्ह्यांची नावे पुन्हापुन्हा आली. तेव्हापासून मोहल्ल्यांत आजोबा-पणजोबांचे कागद शोधणे सुरू आहे. साठ वर्षांनी परत आलेला पाहुणा आणि कधीच न गेलेले आम्ही, दोघांना एकाच वहीकडे जावे लागते. त्याला कुठून आलो ते पाहायचे असते, आम्हाला इथलेच आहोत ते दाखवायचे असते.

अकोल्याच्या सिंधी कॅम्पात किंवा अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात गेलात तर तिथेही सक्कर-शिकारपूरच्या घरांची वर्णने ऐकायला मिळतात. अशाच एका कापडवाल्या शेठजींनी आमच्या पाहुण्याला दुकानात बसवून तासभर सिंधच्या बाजाराविषयी विचारले. पाहुणा कराचीबाहेर फारसा गेलेला नव्हता. तरी तो हो हो म्हणत राहिला.

थर एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, मे महिन्यात टपालही थांबले. त्याआधी थोडेच दिवस कराचीहून फोन आला होता. फुफी आता उरल्या नाहीत. घरातली तरुण मुलगी कुटुंबाचा इतिहास लिहिते आहे, तिला ते कोतवाल बुकातले पान हवे आहे, जातीच्या रकान्यासकट. आम्ही तहसिलीतून रीतसर नक्कल काढली, पाकीट तयार केले, पत्ता लिहिला : सी. पी. बरार सोसायटी. ते पाकीट पुतण्याच्या पडताळणीच्या फाइलीत ठेवलेले आहे.