नेमबाजीच्या पिशवीत काय भरावे?

रायफल टेबलावर टेकवून नेम धरताना तिच्या पुढच्या भागाखाली एक आणि दस्त्याखाली एक अशा दोन लहान पिशव्या ठेवतात. या पद्धतीला 'बेंचरेस्ट' म्हणतात. नव्या रायफलीची साइट जुळवणे, वेगवेगळ्या बनावटीचे छर्रे व काडतुसे पारखणे, नवशिक्याला ट्रिगर दाबण्याचे वळण लावणे ही कामे याच पद्धतीने होतात. बंदूक, दुर्बीण आणि काडतुसांवर नेमबाज हजारो रुपये खर्च करतो. पिशवीत मात्र हाताला लागेल ते भरतो. मग ग्रुपिंग विस्कटले की दोष रायफलीला दिला जातो.

हिशेब साधा आहे. पुढच्या व मागच्या पिशवीत अर्धा मीटर अंतर असेल आणि मागची पिशवी केवळ १ मिलिमीटर खचली, तर ५० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर वर लागते. एक दशांश मिलिमीटर खचली तरी फरक १ सेंटिमीटरचा पडतो. ५० मीटर रायफल प्रकारात १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी हालचालही नेमबाजाला त्या वर्तुळाबाहेर काढते.

दोन पिशव्या, दोन कामे

पुढची पिशवी रायफलीचे वजन पेलते. ती घट्ट आणि जड हवी. रायफलीचा लाकडी भाग तिच्यावर टेकवावा, नळी कधीही टेकवू नये. नळीच्या कंपनात अडथळा आला की माऱ्याची जागा बदलते. मागची पिशवी दस्त्याखाली असते. ती मुठीत किंचित दाबून किंवा सैल सोडून नेमाची उंची साधायची असते. म्हणून ती थोडी सैल, पण दिलेला आकार टिकवणारी हवी.

भरणाची निवड तीन गोष्टींवर ठरते : वजन, कणांचा आकार आणि ओलावा. जड भरण धक्क्याने जागचे हलत नाही. कोनदार कण एकमेकांत अडकून आकार धरतात, गोल व गुळगुळीत कण घरंगळतात. पाणी शोषणारे भरण पावसाळ्यात एका वजनाचे, तर उन्हाळ्यात दुसऱ्या वजनाचे होते. दोन लिटर मापाच्या पिशवीत कोरडी वाळू सुमारे ३ किलो, ज्वारी दीड किलो, प्लॅस्टिकचे दाणे सव्वा किलोच्या आसपास बसतात. भाताचा कोंडा पाव किलोही भरत नाही.

वाळू : स्वस्त आणि खात्रीची

कोरडी, धुतलेली, बारीक वाळू हे आजही सर्वांत भरवशाचे भरण आहे. जालना जिल्ह्यात दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्णा आणि दुधना याही जिल्ह्यातल्याच नद्या. मात्र या भागातील नदीची वाळू जशीच्या तशी पिशवीत भरू नये. तीत काळ्या कातळाचे कण, गारगोटी व चुनखडीचे खडे असतात आणि सोबत काळी माती असते. ही माती ओल लागली की फुगते, वाळली की आकसते आणि तिची ढेकळे बनतात. अशा पिशवीवर सकाळी जुळवलेला नेम दुपारी टिकत नाही.

म्हणून वाळू आधी बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. नंतर रव्याच्या चाळणीने खडे काढावेत आणि मैद्याच्या चाळणीने धूळ वेगळी करावी. मधला भाग कामाचा. नदीपात्रातून परस्पर वाळू उचलणे, मग ती घमेलेभर का असेना, टाळावे. वाळू हे गौण खनिज असून विनापरवाना उत्खनन हा जमीन महसूल संहितेनुसार दंडास पात्र गुन्हा आहे. बांधकाम साहित्याच्या दुकानात पाच-दहा किलो वाळू सहज मिळते. त्याहून चांगला पर्याय म्हणजे सिमेंटच्या चाचणीसाठी वापरली जाणारी 'एन्नोर' प्रमाणित वाळू. तिच्या तीन प्रतींपैकी सर्वांत बारीक प्रतीचे कण ०.०९ ते ०.५ मिलिमीटरचे असतात. ती मुळात स्वच्छ व कोरडी येते.

खडीयंत्रातून निघणारी कृत्रिम वाळू मात्र या कामाची नाही. तिचे कण धारदार असतात आणि तीत भुकटी फार असते. शिवण काही महिन्यांत झिजते. समुद्रकाठची न धुतलेली वाळूही नको. तिच्यातील मीठ हवेतील ओल ओढते आणि रायफलीच्या लोखंडाला गंज चढवते.

एक इशारा आवश्यक आहे. गारेच्या वाळूची अतिबारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवली आहे. वाळू चाळणे व भरणे ही कामे मोकळ्या हवेत, नाका-तोंडावर योग्य मास्क लावून करावीत. घरातील मुलांना त्या कामी लावू नये.

जड वाळू

परदेशी बेंचरेस्ट नेमबाज 'हेवी सँड' वापरतात. ही झिरकॉन किंवा क्रोमाइट या खनिजांची वाळू असून ओतकाम कारखान्यांत साच्यांसाठी वापरली जाते. साध्या वाळूच्या तुलनेत ती जवळजवळ पावणेदोन पट जड असते. दोन लिटरच्या पिशवीत ती पाच किलोंहून अधिक भरते. धक्का बसूनही पिशवी जागा सोडत नाही, हा तिचा मोठा गुण. किंमत मात्र जास्त, आणि पिशवी खांद्यावरून नेणाऱ्याला वजनही नकोसे होते. हलक्या एअर रायफलसाठी या खर्चाची गरज नाही.

पोलादनगरीतील मोह

जालन्यात पोलादाचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. तेथे लोखंडाची खपली, भट्टीची मळी, छोटे तुकडे सहज दृष्टीस पडतात आणि 'जड हवे ना, मग हेच भरू' असा विचार सुचतो. तो टाळावा. खपलीचे पापुद्रे धारदार असतात, त्यांना तेल चिकटलेले असते, ओल लागली की गंजून त्यांचे गोळे होतात. मळीचे काचेसारखे कण कापड फाडतात. शिशाचे छर्रे भरणे तर सर्वांत वाईट. एकमेकांवर घासून त्यांची शिसेयुक्त भुकटी शिवणीतून बाहेर येते, आणि ती हातावाटे पोटात जाते.

धान्य आणि बियाणे

जालन्याची दुसरी ओळख बियाणांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे 'महिको'ची स्थापना केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणांच्या या शहरात मुदत संपलेले बियाणे पिशवीत भरावे असे कोणालाही वाटू शकते. पण पेरणीचे बियाणे बुरशीनाशक व कीटकनाशक लावलेले असते. त्याचा गुलाबी, निळा वा हिरवा रंग हीच धोक्याची खूण. नेमबाज या पिशवीला गाल, हात आणि श्वास यांच्या इतका जवळ घेतो की असे बियाणे तिच्यात कदापि भरू नये.

साधी ज्वारी, मका किंवा तांदूळ निर्धोक आहेत, पण टिकाऊ नाहीत. सोंडे लागतात, उंदीर पिशवी कुरतडतात, घासून पीठ होते. सरकीला कापसाचे तंतू चिकटलेले असल्याने तिचे गठ्ठे होतात. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा या सर्वांत बरा. तो हलका असून आकार धरतो. तरीही त्याला ओलीपासून जपावे लागते.

प्लॅस्टिकचे दाणे

प्रवासात हलकी पिशवी हवी असल्यास प्लॅस्टिकचे दाणे सोयीचे. ते सडत नाहीत, कीड लागत नाही, पावसात भिजले तरी पुसून घेता येतात. पण ते गुळगुळीत असल्याने घरंगळतात आणि दाब काढताच किंचित उसळी घेतात. दाबून साधलेली उंची म्हणूनच टिकत नाही. छर्रे पारखण्यासारख्या काटेकोर कामाला वाळूच बरी.

भरण्याची रीत

आतली पिशवी घट्ट विणीच्या कापडाची आणि बाहेरची चामड्याची किंवा जाड कॅनव्हासची असावी. नरसाळ्याने थोडे थोडे भरावे, दर वेळी पिशवी टेबलावर आपटून कण बसू द्यावेत. पुढच्या पिशवीत भरण ठासावे, मागच्या पिशवीत थोडी जागा ठेवावी. पारख अशी : अंगठ्याने दाबल्यावर मागच्या पिशवीत अर्ध्या सेंटिमीटरचा खळगा पडावा आणि अंगठा काढल्यावर तो तसाच राहावा. खळगा भरून आला तर भरण उसळी घेणारे आहे. पडलाच नाही तर पिशवी ठासून भरली गेली आहे.

नियम काय सांगतात

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत शस्त्र पिशवीवर टेकवता येत नाही. अपवाद वाटावा अशी एकच वस्तू आहे : गुडघा टेकून नेम धरताना घोट्याखाली घेतली जाणारी वळकटी. ती लांबीला २५ व व्यासाला १८ सेंटिमीटरहून मोठी चालत नाही, आणि मऊ व लवचीक साहित्याचीच असावी लागते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले, त्यात गुडघ्यावरची ही स्थितीही असते. वळकटीत काय भरावे हा प्रश्न तेथेही तितकाच मोलाचा. फरक एवढाच की तिच्यावर रायफल नव्हे, तर माणसाचे वजन असते. बेंचरेस्टच्या स्वतंत्र स्पर्धांत पिशवीतील भरणावरही बंधने असतात. त्यामुळे जड किंवा धातुयुक्त भरण घेण्यापूर्वी त्या त्या संघटनेची नियमपुस्तिका पाहावी.

थोडक्यात, घरच्या घरी पहिली पिशवी करणाऱ्याने धुतलेली, वाळवलेली, चाळलेली वाळू घ्यावी. पावसाळ्यानंतर पिशवी उन्हात ठेवावी, वर्षातून एकदा शिवण तपासावी. आणि ग्रुपिंग बिघडले, तर रायफल दुरुस्तीला पाठवण्याआधी अंगठ्याने पिशवी दाबून पाहावी.